कंपवात आणि त्याचे तोतये

हात कापू लागला, पाऊल अडखळू लागले, चेहऱ्यावरची हालचाल मावळली आणि बोलणे पुटपुटण्यावर आले, एवढ्या चार गोष्टी जुळल्या की रोग्याच्या कागदावर ‘पार्किन्सन’ हे नाव लिहून मोकळे होण्याची जी रीत शहरांतल्या दवाखान्यांतून आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीपर्यंत येऊन पोहोचली आहे, ती रोग्याला बरीच महागात पडणारी आहे. या चारही गोष्टी थोड्याफार फरकाने दाखवणारे निदान डझनभर विकार वैद्यकाला ठाऊक आहेत. त्यांतले काही एखादे औषध थांबवल्याने बरे होतात, काही कोणत्याच औषधाला दाद देत नाहीत, आणि एखाद्यात तर चुकीचे इंजेक्शन रोग्याच्या जिवावर बेतते. जिवंतपणी तज्ज्ञांनी पार्किन्सनचे निदान केलेल्या १०० व्यक्तींचे मेंदू लंडनच्या मेंदूपेढीत मृत्यूनंतर तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी ७६ जणांचेच निदान खरे ठरले, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. जाणत्या तज्ज्ञांच्या हातून, आणि तेही इतक्या सुसज्ज व्यवस्थेत, चार रोग्यांमागे एक चूक होत असेल, तर सिरोंचा, भामरागड वा एटापल्लीकडच्या रोग्याविषयी निश्चिंत राहण्यास कोणतेच कारण उरत नाही.

या मुलखाची ठेवण लक्षात घेतल्याशिवाय प्रश्नाची निकड ध्यानात यायची नाही. जुन्या चांदा जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा काढलेला गडचिरोली जिल्हा तीन चतुर्थांशाच्या आसपास वनाच्छादित असून २०११ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आतच भरली. त्याच शिरगणतीत चंद्रपूर जिल्ह्याची बावीस लाखांवर गेली. चंद्रपुरास २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि मेंदूच्या विकारांचा तज्ज्ञ म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे अजूनही नागपूरच येते, आणि सिरोंच्याच्या रोग्यास नागपूर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर पडत असल्याने तो गोदावरी ओलांडून तेलंगणातले वरंगळ जवळ करतो. अशा ठिकाणी निदानाचा भार यंत्रावर टाकून चालत नाही; तो प्रश्न विचारणाऱ्या माणसावर आणि त्याच्या डोळ्यांवर येऊन पडतो. आता ग्रंथकारांची रीत अशी की प्रथम पार्किन्सनचे वर्णन करावे, मग त्याच्या दुर्मिळ भावंडांची नामावळी द्यावी, आणि औषधांमुळे वा इतर टाळण्याजोग्या कारणांमुळे होणारा कंप सरतेशेवटी, जवळजवळ तळटिपेत, उरकावा. प्रस्तुत लेखकाच्या मते निदान या दोन जिल्ह्यांपुरती तरी ही उतरंड उलटी लावली पाहिजे: जे बरे होण्याजोगे आहे त्याचा झाडा आधी घ्यावा, आणि ज्याचा इलाज नाही त्याचे नाव उच्चारण्याची घाई करू नये.

परंतु तोतया ओळखण्यापूर्वी अस्सल माणसाची ओळख हवी. लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या रोगावर जो छोटेखानी निबंध लिहिला, त्यात वर्णिलेले रोगी अवघे सहा होते, आणि त्यांतले काही तर त्याने रस्त्याने जाता-येता पाहिलेले. पुढे पॅरिसच्या शार्कोने स्नायूंच्या ताठरपणाची भर घातली, सर्वच रोगी कापतात असे नाही हे दाखवून दिले आणि मूळ निबंधकाराचे नाव रोगास बहाल केले. मेंदूच्या मध्यखंडात काळसर दिसणारा एक पट्टा असतो, त्यातील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी या रोगात झिजत जातात. अर्ध्याअधिक पेशी नष्ट होईतो बाहेर काही दिसत नाही, म्हणून रोग उघड होतो तेव्हा तो बराच जुना झालेला असतो. हालचालींची मंदता हे त्याचे अनिवार्य लक्षण. तिच्या जोडीस विश्रांतीतला कंप किंवा ताठरपणा, या दोहोंपैकी एक तरी असावा लागतो. हात मांडीवर विसावलेला असताना अंगठा तर्जनीवर असा फिरत राहतो की चिमटीत तंबाखू चोळणे चालले आहे असे वाटावे. तोच हात पाण्याचा गडवा उचलण्यास पुढे झाला की कंप बहुधा थांबतो. रोगाची सुरुवात एका बाजूने होते आणि पुढे दोन्ही बाजू व्यापल्या तरी पहिली बाजू वर्षानुवर्षे अधिक बाधित राहते, हा या रोगाचा जवळजवळ सहीशिक्का होय.

शहरात मंदता पडताळण्यासाठी रोग्यास चार ओळी लिहावयास लावतात आणि अक्षर ओळीगणिक बारीक होते की काय हे पाहतात. ज्या म्हातारीने जन्मभर कागदावर अंगठाच उठवला, तिच्यापुढे ही कसोटी ठेवण्यात अर्थ नाही. तिला तेंदूपत्त्याच्या हंगामाविषयी विचारावे. ७० पानांचा पुडा जुळवून बांधणे हे बोटांचे अत्यंत चपळ काम आहे, आणि दोन-तीन हंगामांपासून आपले पुडे सुनेच्या मानाने मागे राहतात, डाव्या हातात पाने बसत नाहीत, धानाच्या रोवणीत आपण ओळीच्या मागे पडतो, असे ती सांगू लागली की मंदतेची साक्ष पुरी झाली. दुसरा प्रश्न वासाचा. चैत्रात मोहफुलांचा सडा पडला की सारे रान त्या दर्पाने भरून जाते. तो दर्प आता आपणांस येत नाही असे जो सांगतो, आणि ज्याला नाकाचा दुसरा विकार नाही, त्याच्या बाबतीत अस्सल कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनचे, पारडे जड होते, कारण या रोगात घ्राणशक्ती कंपाच्या कितीतरी आधी मंदावते आणि पुढे ज्यांचा उल्लेख यावयाचा आहे त्या कित्येक विकारांत ती शाबूत राहते. जुनाट बद्धकोष्ठ आणि झोपेत ओरडणे, लाथा झाडणे, स्वप्नातल्या माणसाशी हातघाईवर येणे हे देखील पूर्वसूचकच. त्याची हकीकत मात्र रोग्यापेक्षा त्याच्या शेजारी निजणाऱ्यास विचारावी.

सर्वांत सामान्य गफलत निरुपद्रवी कंपाच्या बाबतीत होते. तज्ज्ञ ज्याला ‘इसेन्शिअल ट्रेमर’ म्हणतात तो कंप पार्किन्सनहून कितीतरी अधिक आढळणारा असून तो नेमका उलट वागतो: हात स्वस्थ असता शांत, आणि चहाचा कप तोंडाशी नेताना बशीत चहा सांडेल इतका जोरात. तो दोन्ही हातांत असतो, पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो, मान आणि आवाजही त्याच्या तावडीत सापडतात, चाल मात्र सुधी राहते. मद्याच्या अल्प मात्रेने तो तात्पुरता शमतो, आणि इथेच गडचिरोलीत एक लहानशी अडचण उभी राहते. या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे; डॉक्टराने ‘मोहाची घेतल्यावर हात थांबतो का’ असे विचारले की रोगी फौजदारापुढे उभा असल्यासारखा इन्कार करतो आणि निदानाचा एक अमूल्य दाखला गमावला जातो. प्रश्न विचारताना आधी अभय द्यावे, एवढेच सुचवावेसे वाटते.

मग औषधांचा झाडा. मळमळीवरचे मेटोक्लोप्रामाइड, ओकारीवरचे प्रोक्लोरपेराझिन, भोवळीवर एकदा सुरू होऊन वर्षानुवर्षे चालू राहणारे सिनारिझिन, अर्धशिशीवरचे फ्लुनारिझिन, मनोविकारांवरची हॅलोपेरिडॉल, क्लोरप्रोमाझिन आणि रिस्पेरिडोन ही सारी औषधे कमी-अधिक प्रमाणात डोपामिनची वाट अडवतात आणि पाहता पाहता कंपवाताचे हुबेहूब चित्र उभे करतात. यांपैकी अत्यंत फसवे म्हणजे लेव्होसल्पिराइड. कारण ते आम्लपित्तावरच्या पँटोप्राझोलच्या जोडीने एकाच गोळीत येते, रोगी तिला ‘ग्यासची गोळी’ म्हणतो, आणि औषधे कोणती चालू आहेत असे विचारले असता तिचे नाव घेण्याचे त्याला कारणच वाटत नाही. यास्तव तोंडी जबाबावर न विसंबता पिशवी उपडी करावयास लावावी आणि प्रत्येक पाकिटामागचा बारीक मजकूर वाचावा. औषधजन्य विकार बहुधा दोन्ही बाजूंनी सारखा आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत वाढलेला असतो. ओठांची, जबड्याची थरथर त्यात अधिक दिसते. कारण दूर केल्यावर तो पुष्कळांच्या बाबतीत काही आठवडे ते काही महिन्यांत ओसरतो. ज्यांच्यात तो ओसरत नाही, त्यांच्या मेंदूत मूळ रोग आधीच दडलेला होता आणि औषधाने त्याला लवकर उजेडात आणले, असे मानावे लागते. यात सर्वांत खेदजनक प्रकार तो, की ग्यासची गोळी तशीच चालू ठेवून तिच्यामुळे उद्भवलेल्या कंपावर दुसरी महाग गोळी सुरू होते, आणि दोन्ही औषधे रोग्याच्या शरीरात परस्परांविरुद्ध दावा लढवीत राहतात.

औषधाने कंपवात होतो, हे ज्ञान ज्या वनस्पतीपासून मिळाले ती या जंगलांस परकी नाही. सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये साधार मांडले आणि जगभरच्या वैद्यांचे लक्ष त्या मुळीकडे गेले, १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे सत्त्व वेगळे काढण्यात आले. ते घेणाऱ्या काही रोग्यांस मंदता, ताठरपणा आणि कंप जडू लागले. १९५७ साली स्वीडनच्या आर्विड कार्लसनने सशांना रेसर्पिन देऊन निश्चल केले आणि मग त्यांना डोपा टोचताच ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. कंपवाताच्या आजच्या उपचाराचे बीज त्या प्रयोगात आहे. आणि डोपा तरी कोठून आला? तो आपल्या खाजकुयलीच्या बियांत आहे, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच दाखवले होते. ज्या वेलीची कुसे अंगाला लागली की गुराखी पोर दिवसभर खाजवत बसते, तिची बी आयुर्वेदाने कंपवातावर वापरावी आणि तिच्यात नेमके तेच द्रव्य निघावे, हा योगायोग नसून निरीक्षणाचे फळ आहे. तरीही या बियांच्या चूर्णाने स्वतःच उपचार करावेत असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. बियांतील द्रव्याचे प्रमाण झाडागणिक बदलते आणि मात्रा हाती राहत नाही.

औषधांचा झाडा निर्दोष निघाला, तर या भागात दुसरा संशय रक्तवाहिन्यांवर घ्यावा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली स्थापिलेल्या ‘सर्च’ संस्थेने, चेताविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे यांच्या पुढाकाराने, गडचिरोलीतील ८६ गावांत मृत्यूंच्या कारणांचा माग काढला, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने पक्षाघात हे ग्रामीण गडचिरोलीतील मृत्यूचे पहिले कारण असल्याचे दाखवून दिले. दर सात मृत्यूंमागे सुमारे एक मृत्यू लकव्याचा. हिवताप, कुपोषण आणि बालमृत्यू एवढ्यांशीच या जिल्ह्याचे नाव जोडणाऱ्यांना तो धक्काच होता. जेथे मोठ्या लकव्याने इतकी माणसे दगावतात तेथे मेंदूच्या खोल भागात लहान लहान घाव साचून जगणारी माणसे किती असतील याचे अनुमान वाचकाने करावे. अशा रोग्याचा कंपवात कमरेखालचा असतो: पाऊल भुईला चिकटल्यासारखे, पावले आखूड, पाय फाकलेले, परंतु वरचे अंग मोकळे, हात चालताना झुलतात, चेहरा बोलका असतो, हाताला कंप नसतो. रोग हळूहळू न वाढता पायरीपायरीने उतरत जातो, म्हणजे मधले काही महिने स्थिर आणि मग एके सकाळी अकस्मात अधिक. डोपाचेच औषधी रूप असलेल्या लेव्होडोपाचा येथे फारसा उपयोग होत नाही; रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात आणणे हाच मार्ग, आणि तो मार्ग प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही जातो.

रोग्याचा धंदा विचारण्याची प्रथा आपल्या दवाखान्यांत जवळजवळ बुडाली आहे. पूर्व विदर्भात तरी ती पुन्हा सुरू व्हावी, कारण भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी आहेत आणि चंद्रपुरात फेरोमँगनीज वितळवणारा कारखाना आहे. मँगनीजची धूळ वा धूर दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास मेंदूवर परिणाम होतो, हे जॉन कूपरने ग्लासगोच्या मजुरांत १८३७ सालीच पाहिले होते. या विषबाधेत रोगी टाचा उचलून, चवड्यांवर कोंबड्याच्या ऐटीत चालतो, मागे सरकू लागताच पडतो, आरंभी काही दिवस विनाकारण हसतो-रडतो, आणि लेव्होडोपाला दाद देत नाही. पूर्व विदर्भात जपानी मेंदूज्वराचाही उपद्रव होत आला आहे, आणि हा ज्वर मेंदूच्या नेमक्या त्याच काळसर पट्ट्यास झोंबू शकतो. तेव्हा तरुण वा किशोरवयीन रोग्यास मागे मोठा ताप येऊन बेशुद्धी आली होती काय, हे विचारून ठेवावे. चाळिशीच्या आतला प्रत्येक कंपवात विल्सनचा रोग नाही असे सिद्ध होईपर्यंत विल्सनचाच समजावा. १९१२ साली किनियर विल्सनने वर्णिलेल्या या आनुवंशिक विकारात तांबे यकृतात आणि मेंदूत साठते, बुबुळाच्या कडेस तपकिरी कंकण दिसते, आणि वेळीच उपचार झाला तर रोगी सुधारतो. सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकास हा रोग असण्याची शक्यता चारांत एक असल्यामुळे, मामे-आते भावंडांत सोयरीक करण्याची चाल असलेल्या समाजांत तर सारे घर तपासावे. मेंदूत पाणी साचून चाल, लघवी आणि स्मरण या तिहींवर एकदमच गदा आणणारा म्हाताऱ्यांचा एक विकार आहे, तोही शस्त्रक्रियेने सुधारू शकतो.

लाखोळीचा लंगडेपणा येथे केवळ इशाऱ्यापुरता. धान उभे असतानाच बांधीत फेकून पेरली जाणारी ही डाळ दुष्काळात महिनोन्महिने पोटात गेली की पाय ताठतात; तिच्यातील विषद्रव्याचा छडा १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी लावला. जुन्या मध्यप्रांतात हा विकार पुष्कळांनी पाहिला होता. त्यात पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात, रोगी काठीच्या आधाराने चवड्यांवर चालतो, पण हात, चेहरा आणि वाचा अबाधित राहतात आणि डाळ सुटल्यावर रोग पुढे वाढत नाही. जाणत्या डोळ्यास तो कंपवात वाटणे अशक्य आहे. पण तेवढे जाणते डोळे आता उरलेत कोठे!

एवढे सारे चाळून झाल्यावर जे शिल्लक राहतात ते मेंदूच्या झिजेचेच विकार, आणि त्यांची परस्परांपासूनची ओळख हा या विषयाचा खरा गाभा. यांत पहिला मान टोरांटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी १९६३-६४ च्या सुमारास वर्णिलेल्या विकारास द्यावा लागेल. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव ‘प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी’ असे असून तज्ज्ञ त्याला पीएसपी म्हणतात. अस्सल कंपवाताचा रोगी पडू लागतो तो कैक वर्षांनंतर, आणि बहुधा पुढे झुकून. पीएसपीचा रोगी पहिल्या वर्ष-दीड वर्षातच पडतो, आणि पडतो तो मागे. घरच्यांचे ‘बुढा मांगंच पडते’ हे एक वाक्य कित्येक तपासण्यांच्या बरोबरीचे आहे. त्याची मान वाकलेली नसून ताठ असते, कपाळ आठ्यांनी ओढलेले आणि डोळे विस्फारलेले असल्याने चेहऱ्यावर सततचे आश्चर्य दिसते, पापण्या क्वचित लवतात. मर्म मात्र नजरेत आहे. डोळे वर-खाली, विशेषतः खाली, वळेनासे होतात. मेजावर जेवणाऱ्या देशांत ही गोष्ट उशिरा ध्यानात येते. भुईवर बसून जेवणाऱ्या घरात ती लवकर यावयास हवी, कारण म्हातारा समोरच्या ताटात पाहतच नाही, भात सांडतो, उंबरठ्यास ठेच लागते आणि नाल्याच्या उतारावर पाय कोठे टाकावा ते त्याला कळत नाही. अशा रोग्यास समोरच्या बोटाकडे टक लावावयास सांगून आपण त्याचे डोके हातांनी हलकेच वर उचलावे: जे डोळे हुकमाने खाली जात नव्हते ते आता आपोआप खाली वळतात. स्नायू धड आहेत, वरून येणारा हुकूमच पोहोचत नाही, एवढे त्यातून सिद्ध होते, आणि या परीक्षेस दोन हातांपलीकडे कोणतीही सामग्री लागत नाही. या रोगाचे आयुर्मान सरासरीने सहा ते नऊ वर्षे. गिळण्याचा त्रास लवकर सुरू होत असल्याने अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती घरच्यांस आधीच समजावून द्यावी.

नजरेवरून निदान करताना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. नोशीर वाडिया यांचे ऋण विसरता येत नाही. वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांचा वृत्तान्त दिला, ज्यांत लहान मेंदूची झीज पिढ्यानपिढ्या चालत आली होती आणि डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होती. आज ज्याला एससीए-२ म्हणतात तो विकार बहुतांशी हाच. त्यातला एखादा रोगी कंपवाताच्याच वेषात येतो, आणि डोळे मंद म्हणून त्यास पीएसपी ठरवण्याचा मोह होतो. अशा वेळी वडील, आजोबा, काका कसे चालत असत आणि कितव्या वर्षी अंथरुणास खिळले, याची चौकशी निर्णायक ठरते.

तिसरा विकार मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी, संक्षेपाने एमएसए. १९०० सालापासून तीन वेगवेगळ्या नावांनी तीन वेगळे रोग म्हणून तो ग्रंथांत वावरत होता. १९६९ साली ग्रॅहम आणि ओपनहायमर यांनी त्यांचे एकीकरण केले. येथे झीज शरीराच्या स्वयंचलित कारभारावर घाला घालते. माणूस उभा राहताच रक्तदाब कोसळतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवी आवरत नाही किंवा उतरत नाही. पुरुषत्व कंपाच्याही आधी हरपलेले असते, जे कोणी आपण होऊन सांगत नाही. रात्री श्वास आत घेताना घशातून कर्कश शीळ येते आणि ती घोरण्यात जमा होते. लघवीच्या तक्रारीवरून प्रोस्टेटची शस्त्रक्रिया होऊन गेली आणि उपयोग मात्र झाला नाही, असा इतिहास अशा रोग्यांत वारंवार ऐकू येतो. तपासणी अगदी साधी: पाच मिनिटे निजवून रक्तदाब मोजावा, मग उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा, वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती नोंद कागदावर लिहावी. रक्तदाबाचे यंत्र उपकेंद्रातही असते, रोग्यास उभे करून मोजण्याचा रिवाज मात्र फारसा कोठेच नाही, आणि हे काही मिनिटांचे कष्ट वाचवण्यापायी माणूस चुकीच्या वाटेने नागपूरला जाऊन येतो. उन्हातान्हात काम करून शरीरातले पाणी आटलेल्या, किंवा रक्तदाबाच्याच गोळ्या घेणाऱ्या माणसाचाही दाब असा उतरू शकतो, हे ध्यानी ठेवून मोजणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी.

मेंदूच्या एका बाजूस अधिक झोंबणारा कॉर्टिकोबेसल विकार दुर्मिळ आहे. त्यात एक हात निरुपयोगी होतो, शक्ती असूनही विळा धरण्याची रीत हात विसरतो, आणि कधी कधी तो मालकाच्या इच्छेविरुद्ध आपण होऊन वर उठतो. एवढे सांगून पुढे जाऊ.

लेवी बॉडी स्मृतिभ्रंशापाशी मात्र थांबावे लागेल. येथे बुद्धीची झीज कंपाच्या आधी किंवा त्याबरोबर, निदान वर्षभराच्या आत, दिसू लागते. अस्सल कंपवातात स्मृती ढासळते ती पुष्कळ वर्षांनंतर. आज माणूस व्यवहाराचे बोलतो, उद्या सारा दिवस गुंगीत असतो, परवा पुन्हा ठीक. आणि त्याला माणसे दिसतात: अंगणात बसलेली मुले, खाटेशी उभी असलेली अनोळखी बाई, कोपऱ्यातले मांजर, ती स्पष्ट असतात, बहुधा मुकी असतात, आणि पुष्कळदा रोग्यास त्यांचे भयही वाटत नाही. घरचे आधी पुजाऱ्याकडे जातात, त्यात त्यांचा दोष काय? खरा धोका त्याच्या पुढल्या मुक्कामावर आहे. रात्री म्हातारा आरडाओरडा करतो म्हणून तालुक्याच्या गावी आणला जातो आणि तेथे त्याला हॅलोपेरिडॉल टोचले जाते. या रोगात ते औषध अंग लाकडासारखे ताठ करते, शुद्ध हरपते आणि कित्येकदा मृत्यू ओढवतो. या विकारास रिव्हास्टिग्मिनसारखे सौम्य औषध आहे. परंतु ते मिळो न मिळो, कंप आणि भास एकत्र असलेल्या वृद्धाच्या आरोग्यपत्रिकेवर ‘हॅलोपेरिडॉल देऊ नये’ हे शब्द ठळक अक्षरांत असलेच पाहिजेत.

यंत्रांचा अधिकार नाकारण्याचे कारण नाही. एमआरआयमध्ये पीएसपीच्या रोग्याचा मध्यमेंदू रोडावून पक्ष्याची आकृती दिसते, एमएसएमध्ये कधी क्रूसाच्या आकाराची रेघ उमटते, लकव्याचे जुने घाव आणि साचलेले पाणी तर लपून राहतच नाही. तथापि आरंभीच्या काळात, जेव्हा निदानाची गरज सर्वांत अधिक असते, तेव्हा हीच चित्रे बहुधा निर्दोष येतात. ट्रोडॅट नावाच्या तपासणीविषयी तर लोकांचा बराच गैरसमज आहे: ती डोपामिनच्या पेशी झिजल्या किंवा नाहीत हे सांगते, म्हणून औषधजन्य कंप किंवा इसेन्शिअल ट्रेमर यांना वेगळे काढण्यास ती उपयोगी, परंतु पार्किन्सन, पीएसपी आणि एमएसए या तिन्हींत पेशी झिजतातच, तेव्हा त्या तिघांतला निवाडा ती करू शकत नाही. ज्या कुटुंबास शेत गहाण ठेवून ही तपासणी करावी लागेल, त्याला तिच्या मर्यादा आधी सांगणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.

राहता राहिली लेव्होडोपाची चाचणी, जी एका अर्थाने उपचारही आहे. मात्रा हळूहळू चढवत, सोसेल तर दिवसाला १००० मिलिग्रॅमपर्यंत नेऊन, निदान महिनाभर औषध अखंड दिले तर अस्सल कंपवाताचा रोगी निश्चित सुधारतो आणि ती सुधारणा वर्षानुवर्षे टिकते. एमएसएचे काही रोगी आरंभी सुधारतात आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा घसरतात. पीएसपी बहुधा जागचा हलत नाही. अर्धी गोळी आठवडाभर देऊन ‘गुण नाही’ असा शेरा मारणे ही चाचणी नव्हे. शिवाय गुण आला की नाही हे ज्याने पहिल्या दिवशी रोग्यास चालताना पाहिले त्यानेच सहा महिन्यांनी पुन्हा पाहून सांगावे. दरवेळी नव्या डॉक्टरापुढे नवा कागद सुरू झाला तर तुलनेला आधारच राहत नाही. चढलेली मात्रा एकाएकी तुटली तर ताप, ताठरपणा आणि भ्रम होऊन प्राणावर संकट येऊ शकते. भामरागडास दर पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने रस्ता बंद होतो. म्हणून त्या बाजूच्या रोग्यावर ही चाचणी एक तर दसऱ्यानंतर सुरू करावी, किंवा आषाढातच सुरू करणे भाग असेल तर पोळ्यापर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या त्याच्या घरी आधी पोहोचत्या कराव्यात.